शुगर नॉर्मल, मान काळी

(ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

ताई ब्लाऊज शिवतात. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. वय ४३. माझ्याकडे आल्या त्या ‘फार अशक्तपणा आलाय, एखादं सलाईन लावा’ म्हणत. ओठ आणि नखं पांढरीफटक, हिमोग्लोबिन ७.८. एवढं रक्त गेलं कुठं, असं विचारल्यावर त्यांनी सोबतच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी उठून बाहेर जाऊन बसली. मग म्हणाल्या, पाच महिने झाले, अंगावरून जातंय. आठ-दहा दिवस थांबतं आणि परत सुरू होतं. मध्ये मेडिकलमधून थांबायच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. शेजारणींचं म्हणणं, पाळी जायची वेळ आली की असंच होतं.

रक्तदाब १४२/९०. पोट तपासायला त्या आडव्या झाल्या तेव्हा मंगळसूत्र बाजूला सरकलं आणि मान दिसली. कानामागून दुसऱ्या कानापर्यंत काळसर पट्टा. बोट फिरवलं तर मखमलीच्या कापडावरून उलटा हात फिरवावा तसं लागत होतं. कातडीवरच्या रेषा खोल गेलेल्या, आणि कडेनं मोहरीएवढ्या सात-आठ चामखिळी. काखेतही तसंच.

‘ते मंगळसूत्रानं झालंय,’ ताई म्हणाल्या. ‘घासलं की जातं.’

जात नव्हतं. कधीपासून आहे, असं विचारलं तर नववीपासून. नववीत कुठलं मंगळसूत्र? बेसन, लिंबू, दह्याची साय, गोऱ्या होण्याची मलमं, सगळं लावून झालेलं. शाळेत मुली ‘आंघोळ करत नाहीस का’ म्हणून चिडवायच्या, तेव्हापासून त्या मागून बंद गळ्याचे कपडे घालतात. गिऱ्हाइकांचे गळे मात्र मागून हवे तेवढे खोल शिवून देतात.

कंबर मोजायला मी टेप काढली. दोन सेकंद माझी धडपड पाहून त्यांनी ती हातातून घेतली. ‘डॉक्टर, तुम्ही सैल धरताय.’ स्वतःच मोजून सांगितलं: सदतीस इंच. म्हणजे ९४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बाईसाठी धोक्याची रेघ ८० सेंटीमीटरला आहे. गंमत अशी की ताईंना कुणी जाड म्हणणार नाही. वजन ६१ किलो, उंची १५४ सेंटीमीटर. हातपाय सडपातळ, चेहरा लहान. सगळा ऐवज पोटावर.

इथं थोडं विषयांतर करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर आपण सुटतो, चरबी मोजली की सापडतो. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली होती. ती वजनाला कमी भरायची, पण कातडीखालची चरबी मात्र तितकी कमी नसायची. ताईंची काटक दिसणारी शरीरयष्टी आणि सदतीस इंची कंबर हे कोडं म्हणून नवं नाही.

त्यांच्याकडे साडीच्या दुकानाची एक पिशवी होती, तिच्यात वीस वर्षांचे कागद. मी ते टेबलावर तारखेप्रमाणे लावले. चोविसाव्या वर्षी मूल होत नाही म्हणून केलेली सोनोग्राफी, ‘पीसीओडी’, म्हणजे बीजकोषात अंडं वेळेवर न पिकण्याचा त्रास. पाळी तीन-तीन महिन्यांनी यायची. अंडं वाढायच्या गोळ्या दिल्या, दिवस राहिले. सव्विसाव्या वर्षी बाळंतपणाचा कागद: सातव्या महिन्यात ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १६८, मुलगी ३.८ किलोची. बाळंतपणानंतर साखर उतरली, आणि पुन्हा कुणी ती ग्लुकोज पाजून पाहिली नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी पोटदुखीसाठी सोनोग्राफी, शेवटच्या ओळीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. ही ओळ हल्ली इतक्या रिपोर्टांत असते की रिपोर्ट देणारा आणि घेणारा दोघंही ती छापील मजकूर समजतात. एकेचाळिसाव्या वर्षी एका शिबिरात ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, १९८, त्यावर ‘तेलकट टाळा’.

मधला एक कागद माझ्याच अक्षरातला होता. छत्तिसाव्या वर्षी त्या खोकल्यासाठी आल्या होत्या. ‘बीपी १३८/८८. वजन कमी करा.’ मानेबद्दल एक शब्द नाही. हिवाळा होता, स्कार्फ असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण खोकल्याच्या पेशंटची पाठ स्टेथोस्कोप लावून तपासताना मान दिसतेच.

या सगळ्यांत मिळून चार कागदांवर लिहिलेलं होतं: शुगर नॉर्मल. खोटं नव्हतं ते. कुणी चुकीचं औषधही दिलेलं नाही. दुसऱ्याचा कागद मात्र कुणी वाचला नाही.

तपासण्या

उपाशीपोटी साखर ११२, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १८६. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर नक्की. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ६.१ आला, पण इतक्या रक्तक्षयात त्या आकड्यावर मी विसंबत नाही. लोह कमी असलं की तो उगाच वर जातो, आणि रक्त वाहून नव्या पेशी भराभर यायला लागल्या की खाली येतो. ट्रायग्लिसराइड्स २१४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या खुणांच्या जुडीला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पाच खुणांपैकी तीन भरल्या तरी निदान होतं. कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, ताईंच्या पाचही भरल्या.

उपाशीपोटीचं इन्सुलिन २१.४. साखरेनं गुणून ४०५ नं भागलं की होमा-आयआर ५.९. शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही, त्याचं हे माप. निरोगी माणसाचा हा आकडा एक-दोनच्या आसपास असतो. खरं सांगायचं तर ही तपासणी मी सहसा करत नाही. लॅबनुसार आकडा बदलतो, आणि मान, कंबर, ट्रायग्लिसराइड्स यांनी जे आधीच सांगितलंय त्यात ती फार भर घालत नाही. इथं केली ती ताईंना दाखवण्यासाठी. साखर नॉर्मल ठेवायला त्यांच्या स्वादुपिंडाला काय किंमत मोजावी लागतेय, ते कागदावर दिसावं म्हणून.

त्यांना समजावताना मी आजोबांचं उदाहरण दिलं. घरात आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात. आजोबांना ऐकू जातं, काम होतं, बाहेरच्याला वाटतं घर सुरळीत चाललंय. पण त्याच घरात पाळण्यात बाळ आहे. त्याचे कान शाबूत आहेत. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीरातले आजोबा बहिरे होणं: स्नायू, यकृत, चरबीच्या पेशी साखर उचलण्याचा निरोप ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड दुप्पट-चौपट इन्सुलिन सोडतं. साखर जागेवर राहते. पण त्वचा, बीजकोष, गर्भाशयाचं अस्तर यांचे कान ठीक असतात. त्यांच्यावर हा आरडाओरडा रात्रंदिवस चालू असतो. मानेच्या त्वचेला वाढायला सांगितलं जातं, ती वाढते, जाड आणि काळी होते. बीजकोषांना पुरुषी संप्रेरकं बनवायला सांगितलं जातं, अंडं पिकायचं थांबतं, पाळी लांबते.

यातलं नवं काहीच नाही. हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच मधुमेहींचे दोन गट पाडले होते, इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे. १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची रीत काढली, आणि प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांचं इन्सुलिन कमी नाही तर जास्त आहे, हे दिसलं. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स, साखर हे सगळं एका दोरीत ओवलं आणि त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. तरी अजून आपण फक्त साखर मोजतो, कारण साखर मोजणं स्वस्त आहे आणि तिचं यंत्र घरात येतं.

अस्तर

सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर १९ मिलिमीटर निघालं. पाळी चालू असलेल्या बाईत जाडीच्या एका आकड्यावर निवाडा होत नाही. पण पंचेचाळिशीच्या अलीकडेही पीसीओडी, पोटावरची चरबी आणि न थांबणारं रक्त हे तिन्ही एकत्र असेल, तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय रक्त थांबवायच्या गोळ्या देत बसू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दुसऱ्याच दिवशी बायोप्सी घेतली. उत्तर आलं: एंडोमेट्रिऑइड, म्हणजे अस्तराचाच कॅन्सर, ग्रेड १, आजूबाजूला अ‍ॅटिपिकल हायपरप्लेसिया. म्हणजे हा एका रात्रीत उगवलेला नव्हता. त्याच्या आधीची पायरीही त्याच तुकड्यात होती.

वय पन्नासच्या आत, म्हणून लिंच सिंड्रोम वगळणं भाग होतं. हा आतड्याचे आणि गर्भाशयाचे कॅन्सर घराण्यात चालवणारा आनुवंशिक दोष. घराण्यात आतड्याचा कॅन्सर कुणाला नाही. गाठीवर डीएनए-दुरुस्तीची चारही प्रथिनं शाबूत होती. तो रस्ता बंद झाला.

ताईंनी विचारलं, ‘अस्तर म्हणजे आपलं ब्लाऊजचं असतं तसंच का?’ शब्द तोच आहे, म्हणून मी तिथूनच पुढं गेलो. दर महिन्याला इस्ट्रोजेन हे अस्तर वाढवतं. अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन येतं, वाढ थांबवतं, आणि महिनाअखेर जुनं अस्तर पाळीतून बाहेर पडतं. अंडंच सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन एकटंच वाढवत राहतं. त्यात पोटावरची चरबी पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेन करून देते. आणि वाढलेलं इन्सुलिन यकृताला एसएचबीजी हे प्रथिन कमी बनवायला लावतं. हे प्रथिन संप्रेरकांना बांधून ठेवतं. ते घटलं की मोकळं इस्ट्रोजेन आणखी वाढतं.

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘म्हणजे वीस वर्षं अस्तर लावत गेले, कापायचं राहून गेलं.’

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. फक्त एक गोष्ट त्यात नाही. अस्तराच्या पेशींवर इन्सुलिन स्वतःही काम करतं. त्यांच्यावर इन्सुलिनचे आणि त्याच्या भावकीतल्या आयजीएफ-१ चे रिसेप्टर असतात. निरोप आत गेला की पीआय-३-कायनेज नावाची साखळी चालू होते आणि पेशीला वाढायचा, मरायचं नाही असा हुकूम मिळतो. या साखळीला एक ब्रेक आहे, पीटेन नावाचा. या जातीच्या बहुसंख्य गाठींत नेमका हाच ब्रेक तुटलेला असतो. ब्रेक तुटलेली गाडी आणि अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवलेला पाय, असा हा मामला.

‘याच्यामुळेच झाला का?’

हा प्रश्न त्यांच्या मिस्टरांनी विचारला, आणि मी हो म्हणालो नाही. एका माणसाच्या एका गाठीचं कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही. काळ्या मानेच्या हजारो बायकांना कॅन्सर होत नाही, आणि मान स्वच्छ असलेल्या कित्येकींना होतो. पण पुरावा कुठल्या बाजूला झुकतो, ते सांगता येतं.

मधुमेही बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर साधारण दुपटीनं आढळतो. आता यात दोष साखरेचा, वजनाचा की इन्सुलिनचा? २०१५ मध्ये जनुकांच्या आधारे हे वेगळं करून पाहिलं गेलं. ज्या जनुकीय फरकांमुळे जन्मापासून उपाशीपोटीचं इन्सुलिन जास्त राहतं, त्यांच्यामुळे हा कॅन्सर वाढलेला दिसला. ज्यांच्यामुळे नुसती साखर जास्त राहते, त्यांच्यामुळे नाही. माझ्या मते ताईंच्या पिशवीतल्या त्या चार ‘शुगर नॉर्मल’ना याहून थेट उत्तर नाही.

दुसरी गोष्ट इक्वेडोरची. तिथल्या दक्षिण भागात लारॉन सिंड्रोमची सुमारे शंभर माणसं डॉ. हाइमे गेव्हारा-अगिर्रे यांनी वर्षानुवर्षं पाहिली. त्यांचा ग्रोथ हॉर्मोनचा रिसेप्टर बिघडलेला, म्हणून उंची साडेतीन-चार फूट आणि रक्तात आयजीएफ-१ नगण्य. अनेकजण चांगले जाडजूड, पण इन्सुलिन मात्र कमी. २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात त्यांच्यात मधुमेह एकालाही नव्हता, आणि कॅन्सर अख्ख्या गटात एकच, तोही प्राणघातक नाही. त्यांच्याच घरातल्या सामान्य उंचीच्या नातेवाइकांना दोन्ही होत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये जादा चरबीशी नातं असलेले १३ कॅन्सर सांगितले. मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, पित्ताशय, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर त्यात आहेत. पण या सगळ्यांत चरबीशी सर्वांत घट्ट नातं गर्भाशयाच्या अस्तराचंच.

आणि एक उलटा पुरावाही सांगायला हवा. एवढं सगळं असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी देऊन कॅन्सर आटोक्यात यावा, अशी फार मोठी आशा होती. स्तनाच्या कॅन्सरच्या ३,६४९ रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षं हे औषध आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन पाहिलं, २०२२ मध्ये निकाल आला: मधुमेह नसलेल्यांत काही उपयोग नाही. गाठ एकदा पक्की झाली की तिला बाहेरच्या हुकमाची फारशी गरज उरत नसावी, हा आपला माझा अंदाज. ताईंना मी मेटफॉर्मिन दिलं ते साखरेसाठी. कॅन्सरची गोळी म्हणून नाही, हे दोनदा बजावलं.

ऑपरेशन आणि नंतर

हे लवकर सांगून टाकतो. दोन बाटल्या रक्त चढवलं, एमआरआयमध्ये गाठ स्नायूच्या निम्म्याहून कमी जाडीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं. गर्भाशय, नळ्या, दोन्ही बीजकोष काढले. लसिकागाठी स्वच्छ, स्टेज १ए, रेडिएशनचे शेक द्यावे लागले नाहीत. घरच्यांनी पेढे वाटले. मलाही दिला. ताईंच्या हातात दिला नाही, हे पाहून बरं वाटलं.

डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख होती, तीन महिन्यांनी, टाके आणि गाठ पाहण्यासाठी. रक्तदाब, साखर, कंबर यांतलं काहीही त्या कार्डावर नव्हतं. शल्यविशारदांचा दोष नाही, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. पण पहिल्या स्टेजमध्ये सापडलेल्या या कॅन्सरनं फार थोड्या बायका जातात. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण ठरतो तो हृदयविकार. गर्भाशय काढलं, इन्सुलिन तिथंच राहिलं. त्यात बीजकोष गेल्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी पाळी एका दिवसात गेली, आणि पाळी गेली की कंबर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वर सरकतात. म्हणजे कॅन्सरपुरतं पाहिलं तर ताई बऱ्या, हृदयाच्या दृष्टीनं आधीपेक्षा बिकट जागी.

आम्ही त्यांचा दिवस लिहून काढला. दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा, असे पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत खारी नाहीतर टोस्ट. रात्रीचं जेवण साडेदहाला, आणि लगेच पाठ टेकायची. सोमवार, संकष्टी, एकादशी असे उपास, म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली: सहा वर्षांपूर्वी पायाच्या मशीनला मोटर बसवली. त्याआधी दिवसाचे सात-आठ तास पाय चालू असायचे.

चहा दोनवर आला, बिनसाखरेचा. दुपारी आधी मटकीची उसळ नाहीतर पालेभाजी, मग एक ज्वारीची भाकरी, भात अर्धी वाटी. उपासाला दाण्याची आमटी पोटभर आणि वरी मोजून. जेवण साडेआठला, त्यानंतर गल्लीत वीस मिनिटं चालणं. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाशिवायही साखर उचलतो, म्हणून जेवणानंतरचं चालणं मी गोळीइतकंच महत्त्वाचं मानतो. मोटर काढायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत. ‘तेवढं सोडून बोला.’ मी सोडलं.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की उंबरठ्यावरच्या भारतीयांत नुसत्या आहार-व्यायामानं मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटतं, मेटफॉर्मिननं २६.४ टक्क्यांनी. अमेरिकेत आहार-व्यायामाचा फायदा ५८ टक्के दिसला होता. आपल्याकडे तो आकडा लहान, तरी गोळीच्या बरोबरीचा.

मुलीचीही मान काळसर आहे, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, ती उठून बाहेर गेली तेव्हा. सतरा वर्षं, बारावी, पाळी दोन-अडीच महिन्यांनी. तिला कॅन्सरची भीती घालण्यात काही अर्थ नव्हता. तिला एवढंच सांगितलं की पाळी तीन महिन्यांच्या पुढे गेली तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून गप्प बसायचं नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर पडू द्यायचं. आणि मान घासायची नाही. (हे तरुण मुलीबद्दल. पन्नाशी-साठीतल्या, वजन उतरत चाललेल्या माणसाची मान अचानक काळी झाली, तळहातही खरखरीत झाले, तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथं आधी जठराचा कॅन्सर शोधावा लागतो.)

वर्षभरानं ताईंचं वजन ५६, कंबर साडेचौतीस, उपाशीपोटी साखर ९७, ट्रायग्लिसराइड्स १४८. इन्सुलिन पुन्हा मोजलं, ११. मानेचा पट्टा फिका झाला, मखमलीचा स्पर्श गेला, रंग थोडा राहिला. गाठीचं नाव नाही. कंबर त्या दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या मापवहीत लिहितात, गिऱ्हाइकांच्या मापांच्या मधेच.

मेमध्ये आल्या तेव्हा ती वही बरोबर नव्हती. मी टेप पुढे केली. छत्तीस. साखर १०६. चालणं दोन महिने बंद, चहा परत चारवर. दुकानात पन्नासेक ब्लाऊज अडकलेले, त्यातले अकरा एकाच लग्नाचे, रात्री एकपर्यंत मशीन चालू. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, ‘लग्नसराई संपू दे, डॉक्टर. जूनला परत पस्तीसच्या आत येते.’ पुढची तारीख त्यांनीच पाहून घेतली, शेवटच्या मुहूर्तानंतरची.